नाशिकमध्ये आंबट बिअर मुरवायची तर: तापमान, जागा आणि जुन्या फ्रिजची जुळणी

बेल्जियमच्या ग्यूझ या आंबट बिअरबद्दल एक सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो: तळघरात ठेवा आणि विसरून जा. ब्रुसेल्सच्या आसपास राहणाऱ्याला हा सल्ला चोख लागू पडतो. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीजवळ येऊन थांबतं, आणि ब्रुसेल्सची सरासरी १०-११ अंश सेल्सिअस आहे. नाशिकची सरासरी २४-२५ च्या घरात. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्याचं तळघर मे महिन्यात उतरल्याबरोबर गार लागतं, कारण बाहेर ३९-४० असतं. थर्मामीटर ठेवलात तर आकडा पंचविशीच्या आसपासच दिसेल. आंबट बिअर नीट मुरायला १० ते १३ अंश लागतात. जाड भिंती आणि जमीन तापमान स्थिर ठेवतात, पण इथे गारवा मात्र यंत्राकडूनच घ्यावा लागतो. गंगापूर धरणाच्या बाजूच्या किंवा विंचूरच्या वायनऱ्यांतही वाइन मुरते ती यंत्राने गार ठेवलेल्या खोल्यांतच.

थंडीतल्या पहाटेवर तर अजिबात विसंबू नका. जानेवारीत निफाडकडे पारा एकेरी आकड्यावर येतो, नाशकातही ९-१० पर्यंत उतरतो, पण त्याच दिवशी दुपारी तो २८ ला पोचलेला असतो. बाटलीच्या दृष्टीने असा झोका सतत २२ अंशांपेक्षा बरा नाही.

आधी बाटली मुरण्याजोगी आहे का ते बघा

आंबट असलेली प्रत्येक बिअर ठेवून सुधारत नाही. बहुतेक बाटल्या वाया जातात त्या इथेच.

मुरतं ते बाटलीत काहीतरी जिवंत असेल तर. लॅम्बिक (हवेतल्या रानटी यीस्टने आंबवलेली बेल्जियमची बिअर) आणि ग्यूझमध्ये ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट असतं, सोबत लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकस हे आम्ल तयार करणारे जिवाणू. ग्यूझ म्हणजे एक, दोन आणि तीन वर्षं जुन्या लॅम्बिकचं मिश्रण. त्यातल्या कोवळ्या लॅम्बिकमधली उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस तयार होतो. ब्रेटॅनोमायसिस बाटलीत शिरलेला थोडाफार प्राणवायू खाऊन टाकतं, आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून सुगंधी एस्टर बनवतं, आणि पेडिओकॉकसने मागे ठेवलेली लोण्यासारखी चव साफ करतं. नीट ठेवलेली ग्यूझ दहा वर्षांनंतरही प्यायला मजा येते ती यामुळे.

केटल सावर पद्धतीच्या बिअरचं गणित अगदी उलट. बाजारातल्या बहुतेक गोझे आणि बर्लिनर वाइसे याच पद्धतीने होतात. जिवाणूंनी आंबट केल्यावर, यीस्ट घालण्याआधी सगळं उकळतात, त्यात जिवाणू मरतात. पुढे बाटलीत होतो तो ऱ्हासच. अशी बिअर ४ अंशांवर ठेवून तीन ते सहा महिन्यांत संपवावी. वरून हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुवास देणारी फुलं) घातलेली सावर, म्हणजे आंबट बिअर, त्याहून घाईची, दोन-तीन महिन्यांत सुवास निघून जातो. फळं घालून आंबवलेल्या बाटल्या, म्हणजे चेरीची क्रीक किंवा रासबेरीची, एक-दोन वर्षं ठेवता येतात, पण फळाचा वास सगळ्यात आधी जातो आणि मागे नुसता आंबटपणा राहतो. फळासाठी घेतली असेल तर फळ ताजं असतानाच प्या. फ्लँडर्स रेड आणि आउड ब्रुइन या बेल्जियमच्या लाल-तपकिरी आंबट बिअरमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. पाश्चराइझ करून गोड केलेली ठेवण्यात अर्थ नाही. बाटलीत पुन्हा आंबवलेली दोन ते पाच वर्षं सुधारते.

फळाचा घट्ट गर न आंबवता तसाच भरलेले कॅन हा वेगळाच विषय आहे. त्यातली साखर शाबूत असते आणि यीस्टही असतंच. खोलीच्या तापमानावर ठेवले तर कॅन फुगतो, मग फुटतो. तो दुकानातून थेट फ्रिजमध्ये जायला हवा आणि महिन्याभरात संपायला हवा.

लेबलवर तीन गोष्टी शोधा: बाटलीत भरल्याची तारीख, बाटलीत पुन्हा आंबवल्याचा उल्लेख, आणि जाड काच. मग बाटली दिव्यासमोर धरा. तळाशी पातळ गाळाचा थर दिसला तर आत यीस्ट आहे. नुसत्या गाळावरून ते अजून जिवंत आहे का हे कळत नाही, पण गाळच नसलेली, काचेसारखी नितळ आणि गोडसर बिअर मुरायला ठेवू नये हे नक्की.

एका प्रकारच्या किमान तीन बाटल्या घ्या. एक लगेच उघडायची, नाहीतर पुढे काय बदललं ते समजणार कसं? दुसरी वर्षाने, तिसरी आणखी दोन-तीन वर्षांनी. ३७५ मिलीची बाटली ७५० पेक्षा लवकर म्हातारी होते, कारण बुचातून येणारा प्राणवायू जवळपास तेवढाच आणि बिअर निम्मी.

संख्या वाढवण्याआधी कागदपत्रं बघा. महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो आणि साठ्याला मर्यादा आहे. परवान्यावरच्या अटी वाचून तेवढंच ठेवा. विनापरवाना घरी बिअर बनवणं बेकायदा आहे, त्यामुळे इथे फक्त विकत घेतलेल्या बाटल्यांचा विचार केला आहे.

कोणत्या अंशावर काय होतं

१० ते १३ अंशांवर ब्रेटॅनोमायसिस सावकाश काम करत राहतं आणि बाकीच्या नको त्या क्रिया त्याहून मंद चालतात. एकच आकडा धरायचा तर १२. १५ पर्यंत काहीच अडत नाही, फक्त मुरणं थोडं भराभर होतं. १८ अंश काही महिने चालतात. ४ अंशांवर बिअर जवळजवळ थांबते. खराब होत नाही, पण मुरतही नाही. एखादी बाटली आज जशी आहे तशीच टिकवायची असेल तर ४ अंश बरे. पिंपळगावकडची द्राक्षांची शीतगृहं शून्य-एक अंशावर चालतात, तिथे कुणाच्या ओळखीने पेटी ठेवायची सोय झाली तरी मुरवण्यासाठी तिचा उपयोग नाही.

वरच्या बाजूला मात्र घसरण भराभर होते. साध्या बिअरसाठी कारखान्यांत एक ढोबळ नियम वापरतात: ३२ अंशांवर ३ दिवसांत चव जितकी उतरते, तितकी २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३ अंशांवर ३०० दिवसांत. जिवंत आंबट बिअर प्राणवायू खाते म्हणून तिला हा नियम तंतोतंत लागू होत नाही, पण दिशा तीच. मे महिन्यातला एक आठवडा स्वयंपाकघराच्या माळ्यावर काढलेली बाटली फ्रिजमधल्या वर्षभराइतकी म्हातारी होऊ शकते.

दुसरा प्रश्न दाबाचा. बिअरमधला वायू व्हॉल्यूममध्ये मोजतात. ३ व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये तीन लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला. अशा बाटलीत १२ अंशांना बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे १.७ बार जास्त दाब असतो, २० अंशांना अडीचच्या आसपास आणि ४० अंशांना जवळजवळ ५. बिअर तीच, वायू तोच, फक्त तापमान वाढलं. शॅम्पेनची जाड बाटली ६ बार पेलते. साधी ३३० मिलीची बाटली मात्र ३ व्हॉल्यूमच्या वर भरलेली असेल तर ४० अंशांना भरवशाची राहत नाही. त्यात उष्णतेने यीस्ट जागं होऊन उरलीसुरली साखर खायला लागलं तर वायू आणखी वाढतो.

तिसरं, बिअर स्वतः फुगते. १२ वरून ३५ अंशांवर गेली की ७५० मिलीची सुमारे ४ मिली वाढते. बुचाखालची मोकळी जागाच पंधरा-वीस मिली, त्यातून ४ गेले. रोज असं वर-खाली होत राहिलं की बूच सैल पडतं आणि कडेने पाझर सुरू होतो. आत दाब आहे म्हणजे बाहेरची हवा येणार नाही, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. बाटलीत प्राणवायू जवळपास शून्य आणि बाहेर २१ टक्के, म्हणून आतला कार्बन डायऑक्साइड कितीही असला तरी प्राणवायू बुचातून आत झिरपतोच. गरम बुचातून जास्त.

घरातली जागा मोजून बघा

७५० मिलीची एक रिकामी बाटली पाण्याने भरा, तिच्यात किमान-कमाल दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरचा वायरचा सेन्सर सोडा आणि तोंड टेपने बंद करा. हवेचं तापमान दर तासाला बदलतं, बाटलीतल्या पाण्याचं तितकं नाही. आपल्याला पाण्याचंच हवं. संशयित जागी दोन आठवडे ठेवून किमान आणि कमाल लिहून घ्या. एप्रिल-मेमध्ये मोजलंत तर खरं काय ते कळेल. डिसेंबरात मोजून खूश होऊ नका.

माळा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता खाली सोडतो. जिन्याखालचं कपाट किंवा उत्तरेकडची आतली खोली मेमध्ये २८ ते ३२ दाखवते. एसीची खोली रात्री २४ आणि दिवसा ३३ असते, म्हणजे रोजचा झोका. वाड्याचं तळघर २५ च्या आसपास पण स्थिर. जाड मातीच्या भिंतीतलं कोरडं बळद असेल तर तेही चालेल. या दोन जागी बाटल्या काही आठवडे ठेवाव्यात, वर्षानुवर्षं नव्हे.

ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची जुनी युक्ती मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत खरंच चालते. बाटल्या मोठ्या माठात किंवा मातीच्या कुंडीत उभ्या ठेवून भोवती ओलं पोतं आणि वाऱ्याची जागा, एवढं पुरतं. पण कोरड्या दुपारीही ती फार तर २०-२२ अंशांपर्यंत उतरवते, आणि जून उजाडून हवा दमट झाली की अंशभरही फरक पडत नाही. फ्रिज दुरुस्तीला गेला असेल तर तेवढ्यापुरतं करायला हरकत नाही.

जुना सिंगल डोअर फ्रिज १२ अंशांवर

वाइन चिलर विकत घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. स्वस्त चिलर पेल्टिअर तत्त्वावर चालतात. त्यात कॉम्प्रेसर नसतो आणि ते खोलीच्या तापमानाच्या १०-१५ अंश खालीच जाऊ शकतात. मेमध्ये खोली ३६ असेल तर आत २२-२४, म्हणजे तळघराएवढंच. घ्यायचा तर कॉम्प्रेसरचा. दुसरं, त्यातले रॅक साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या सडपातळ वाइनच्या बाटलीसाठी बनवलेले असतात. ग्यूझच्या शॅम्पेन छापाच्या बाटलीचा व्यास ९ सेंटिमीटरच्या जवळ जातो, म्हणून १८ बाटल्यांच्या चिलरमध्ये फार तर १०-१२ बसतात.

आमच्या मते १८०-१९० लिटरचा जुना, बर्फ जमणारा सिंगल डोअर फ्रिज आणि एसटीसी-१००० हा तापमान सांभाळणारा छोटा कंट्रोलर, ही जोडी त्याहून बरी पडते. घेताना दाराची रबर बघा: दारात वर्तमानपत्राचा कागद अडकवून ओढा. सहज सरकला तर रबर बदलून घ्या, नाहीतर पावसाळ्यात आत पाणीच पाणी होईल.

कंट्रोलर २३० व्होल्टचाच मागा, १२ व्होल्टचाही मिळतो. त्याच्या मागे आठ टर्मिनल असतात: १ आणि २ वीजपुरवठा, ३ आणि ४ सेन्सर, ५ आणि ६ हीटर, ७ आणि ८ कूलिंग. फ्रिजच्या फेजची वायर ७-८ मधून जाते, न्यूट्रल आणि अर्थिंग सरळ. कंट्रोलर प्लास्टिकच्या बंद डब्यात बसवून त्यावर एक सॉकेट काढलं की फ्रिजचा प्लग त्यात लावता येतो, आणि फ्रिजच्या आत हात घालायची वेळ येत नाही. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर लावू नका. आतला रिले १० अँपिअरचा असतो, तो छोट्या फ्रिजला पुरतो.

फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट सगळ्यात थंड आकड्यावर करून ठेवा, म्हणजे तो मध्ये येत नाही. मग कंट्रोलरवर चार गोष्टी भरायच्या. एफ१ म्हणजे हवं ते तापमान: १२. एफ२ म्हणजे फरक: १ अंश. कूलिंग १३ ला सुरू होईल आणि १२ ला थांबेल. एफ३ म्हणजे बंद झालेला कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची विश्रांती: १० मिनिटं. ती कमी ठेवू नका. वीज जाऊन लगेच आली की आत दाब असतानाच कॉम्प्रेसर उचलायला बघतो आणि जळतो. शहराबाहेर वीज लपंडाव खेळते तिथे तर हे हमखास. एफ४ सेन्सरची चूक सुधारण्यासाठी. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून सेन्सर पाच मिनिटं बुडवा. शून्य दिसायला हवा, जितका फरक दिसेल तितका उलट चिन्हाने एफ४ मध्ये भरा.

सेन्सर कुठे लावायचा यावर सगळं अवलंबून आहे. हवेत लटकता ठेवला तर दार उघडलं की कॉम्प्रेसर सुरू. पाण्याच्या बाटलीत बुडवला तर उलटी अडचण: पाणी १२ ला यायला वेळ लागतो, तोवर आतली हवा ३-४ अंशांवर गेलेली असते आणि बर्फाच्या कप्प्याजवळच्या बाटल्या गारठतात. मधल्या कप्प्यातल्या भरलेल्या बाटलीच्या पोटाला सेन्सर टेपने चिकटवा आणि वरून इंचभर जाडीचा थर्मोकोलचा तुकडा बांधा. मोजमापाची पाण्याची बाटली वेगळी, ती खालच्या कप्प्यात ठेवा.

बंद फ्रिजमध्ये वरचा आणि खालचा कप्पा यांत ३-४ अंशांचा फरक पडतो. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा सतत चालू ठेवला की तो अंशभरावर येतो. भरलेली शॅम्पेन बाटली दीड किलोच्या वर भरते. एका काचेच्या कप्प्यावर दहा ठेवल्या तर सोळा-सतरा किलो झाले. भाजीसाठी बनवलेली काच ते पेलेलच असं नाही. त्याऐवजी तळाला जाड प्लायवुड टाकून बाटल्या त्यावर ठेवा, किंवा तारेच्या कप्प्याखाली लाकडी पायाचा टेकू द्या. फ्रिजच्या मागे १०-१५ सेंटिमीटर जागा सोडा आणि उन्हाच्या गॅलरीत तो ठेवू नका.

वीज आठ-दहा तास गेली तर घाबरायचं कारण नाही. वीस-पंचवीस बाटल्यांचं द्रव स्वतःच गारवा धरून ठेवतं. दार न उघडता ठेवलं तर काही अंशच चढतात. फ्रिज अर्धा रिकामा असेल तर उरलेल्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरा.

या पद्धतीची एकच खरी कटकट म्हणजे ओलावा. १२ अंशांवर आतलं बर्फ वितळतं, जमतं, पुन्हा वितळतं. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते, मग बुचावर पांढरी-हिरवी बुरशी, तारेच्या जाळीला गंज, आणि लेबलं गळून खाली. दमटपणा ६० ते ७५ टक्के असावा; दहा-बारा सेंटिमीटरचा डिजिटल हायग्रोमीटर आत ठेवा. ८० च्या वर गेला तर दोनशे-तीनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत टांगा, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास वाळवून पुन्हा वापरा. लेबलाभोवती क्लिंग फिल्मचे दोन वेढे दिले की ते टिकतं. बुचावरची वरवरची बुरशी निरुपद्रवी असते, उघडताना ओल्या फडक्याने पुसून टाकायची. पत्र्याच्या झाकणाच्या कडेला गंज दिसला तर मात्र ती बाटली आधी प्या.

उभी की आडवी

पत्र्याच्या झाकणाची बाटली नेहमी उभी. बुचाची बाटली बेल्जियममध्ये आडवी ठेवायची पद्धत आहे, पण बंद बाटलीतली बुचाखालची हवा तशीही ओलीच असते, तेव्हा बूच सुकेल या भीतीने आडवी ठेवायची गरज नाही. उभी ठेवली की गाळ तळाला बसतो, पाझर चटकन दिसतो आणि फ्रिजमध्ये जास्त मावतात. तीन-चार वर्षांच्या पुढे ठेवायची असेल आणि फ्रिज कोरडा राहत असेल तर आडवी करा. मधेच फिरवू नका.

उजेड टाळा. हॉप्समधल्या कडू पदार्थांवर सूर्यप्रकाश किंवा ट्यूबलाइट पडली की गंधकाचा घाण वास तयार होतो. तपकिरी काच बरीच वाचवते, हिरवी थोडी, पांढरी अजिबात नाही. लॅम्बिकमध्ये मुद्दाम जुने, उतरलेले हॉप्स वापरतात म्हणून तिथे धोका कमी, शून्य नाही. फ्रिजचा दिवा काढून टाका, काम झालं.

मुंबईहून आणताना

परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि ३७५ ची एक त्यात बसते. पुढचा मुंबई-नाशिक प्रवास जास्त जोखमीचा. मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीची डिकी ५५-६० अंशांपर्यंत तापते. बाटली बिघडायला तिथे तासभर पुरेसा आहे. पहाटे निघा, बाटल्या सीटखाली सावलीत आणि थर्मोकोलच्या पेटीत उभ्या ठेवा, कडेला वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन-तीन गोठवलेले जेल पॅक. बर्फ बाटलीला थेट लावू नका. ट्रॅव्हल्सच्या खालच्या डिकीत सामान टाकणं शक्यतो टाळा, तिथे इंजिनाची धग असते. कसारा घाट चढताना दाबाचं काय होतं असं विचारलं जातं: नाशिक सुमारे ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब ०.०७ बारने कमी होतो. बुचाला त्याची गंधवार्ताही नसते.

घरी आल्यावर बाटली पुसून कोरडी करा आणि १ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर वजन घ्या. मास्किंग टेपवर नाव, बाटलीत भरल्याची तारीख, आणल्याची तारीख, वजन आणि कधी उघडायची ते लिहून चिकटवा. सहा महिन्यांनी पुन्हा वजन करा. १ ग्रॅमचा फरक काट्याचा समजा. ३-४ ग्रॅम कमी भरलं तर बूच गळतंय, मानेला बोट लावून चिकट लागतंय का ते बघा आणि ती बाटली रांगेत पुढे घ्या. प्रवास करून आलेली बाटली किमान दोन आठवडे हलवू नका.

चवीवरून चूक ओळखणं

भिजलेल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे प्राणवायू आणि उष्णता. व्हिनेगरचा झणझणीत वास आणि घशाला ओरखडा म्हणजे अॅसिटोबॅक्टर या व्हिनेगर बनवणाऱ्या जिवाणूला हवा मिळाली: बूच गळकं, किंवा बिअर पिंपातच तशी होती. नेलपॉलिशचा वास म्हणजे एथिल अॅसिटेट. किंचित असेल तर शोभतो, जास्त असेल तर ओतून द्या, तो मुरून जात नाही. सोया सॉसची छटा म्हणजे मेलेलं यीस्ट विरघळायला लागलं, म्हणजे बहुधा बाटली बराच काळ गरम जागी होती.

एक दोष मात्र थांबून सुधारतो. घोट गिळल्यावर पाच-दहा सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला कोंड्याची, उंदराच्या पिंजऱ्याची चव येते. वासात ती नसते, कारण बिअरच्या आम्लात तो पदार्थ उडत नाही. लाळेने आम्ल उतरलं की मग जाणवतो. बाटलीत भरताना थोडा प्राणवायू गेला की हे होतं आणि १२-१५ अंशांवर काही महिन्यांत बहुतेक वेळा निघून जातं. तीनपैकी पहिली बाटली अशी निघाली तर उरलेल्या दोन सहा महिने सोडून द्या. फ्रिजच्या ४ अंशांवर ठेवल्या तर दोष तसाच थांबून राहतो. पेडिओकॉकसमुळे तेलासारखी तार धरणारी कोवळी बिअरही अशीच वाट पाहिली की सुटते.

उघडताना

आडवी असेल तर उघडायच्या आधी एक-दोन दिवस उभी करा. जुनी ग्यूझ १०-१२ अंशांवर प्यावी, म्हणजे आपल्या फ्रिजमधून थेट. कोवळी आणि फळांची ८ च्या आसपास. फेस उसळेल अशी शंका असेल, म्हणजे बूच वर आलंय किंवा झाकण फुगलंय, तर बाटली २४ तास ४ अंशांवर ठेवा. गार बिअर वायू धरून ठेवते. मग डोळ्यांना चष्मा, बाटलीला जाड टॉवेल, खाली परात, आणि तारेची जाळी सैल करतानाच अंगठा बुचावर दाबून. बूच फिरवू नका, बाटली फिरवा. पत्र्याचं झाकण असेल तर ओपनरने कडा जरा उचलून फुस् आवाज थांबेपर्यंत धरून राहा, मग आणखी थोडं. फुगलेली बाटली गार न करता हलवणं किंवा कुणाला देणं, दोन्ही नको.

ग्लासात ओतताना बाटली एकदाच वाकवा आणि तशीच ठेवून ग्लास बदलत जा. मधे उभी केली की गाळ वर येतो. गाळ विषारी नसतो, पण जुन्या बाटलीत त्याची चव जड लागते. उरलेल्या बाटलीला शॅम्पेनचा क्लिपवाला स्टॉपर लावून ४ अंशांवर ठेवली तर दोन दिवस ठीक राहते. तिसऱ्या दिवशी वायू गेलेला असतो; तोवर संपली नाही तर मटण शिजवताना पाण्याऐवजी घाला. फ्लँडर्समध्ये मांसाचा रस्सा असाच करतात, फक्त आंबटपणा आधीच आहे हे लक्षात ठेवून टोमॅटो अर्धा करायचा.